‘मेक’ म्हणण्याआधी

आमच्या हॉस्टेलमध्ये कोणी लिनक्स टाकायला घेतलं, की दारातून डोकावणारीचा प्रश्न ठरलेला असतो, ‘‘झालं का गं?’’ सोर्सवरून अख्खा डेस्कटॉप बांधायला घेतला, तर हाच प्रश्न सहा दिवस ऐकावा लागतो. सहाही दिवस माझं उत्तर एकच होतं, ‘‘अजून तयारी चाललीय.’’ लग्नघरातल्या माणसांना हे चटकन कळेल. मंगलाष्टकं अर्ध्या तासात आटोपतात, पण पापड-कुरडयांपासून मांडवाच्या बांबूंपर्यंत महिनाभर घर उलटंपालटं झालेलं असतं. आमचं लग्न म्हणजे ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’ हे दोन शब्द. ते एका रात्रीत लागलं. हा लेख त्याआधीच्या सहा दिवसांचा.

आधी नवऱ्या मुलीची ओळख. कॉमन रूमच्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर. प्रोसेसर जुना ड्युअल कोअर, रॅम २ जीबी, हार्ड डिस्क १६० जीबी, चालू होताना मिक्सरसारखा आवाज. त्यावर विंडोज ७ होतं, ज्याचे अपडेट मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्येच थांबवले. हॉस्टेलमधल्या बऱ्याच जणींकडे लॅपटॉप आहे, त्यामुळे त्याच्याकडे कोणी बघत नाही. बघतात त्या दोघीच. एक माझी रूममेट, सुरगाण्याची, जिच्याकडे लॅपटॉप नाही. आणि दुसऱ्या मेसच्या ताई, ज्या रोजचा किराणा आणि भाजीचा हिशेब त्यावर ठेवतात. रेक्टर मॅडमनी परवानगी देताना एवढंच म्हटलं, ‘‘काय प्रयोग करायचे ते करा, पण मेसचा हिशेब बुडता कामा नये.’’ म्हणून सगळ्यात पहिली तयारी म्हणजे हिशेबाच्या सगळ्या फायली दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. एक ताईंच्या डब्यात, एक माझ्या कपाटात.

एवढ्याशा मशीनवर चालेल असा हलका डेस्कटॉप म्हणून एक्सएफसीई निवडला. ओलिव्हिए फूरदाँ नावाच्या फ्रेंच माणसाने तो १९९६ मध्ये सुरू केला. सुरुवातीला तो एक्सफॉर्म्स नावाच्या टूलकिटवर बांधलेला होता आणि नावातलं ‘एक्सएफ’ तिथूनच आलं. पण एक्सफॉर्म्स मुक्त नव्हतं, म्हणून रेड हॅटने तो आपल्या डिस्ट्रिब्युशनमध्ये घ्यायला नकार दिला. पठ्ठ्याने १९९९ मध्ये सगळं जीटीके वापरून पुन्हा लिहून काढलं! (आपल्याकडे एक जर्नल रिजेक्ट झालं तर आपण दोन दिवस जेवत नाही.) डिसेंबर २०२४ मध्ये त्याची ४.२० ही आवृत्ती आली. तीच घेतली.

आता तुम्ही म्हणाल, डेबियनमध्ये हे एका ओळीच्या कमांडने बसतं, मग सोर्सवरून कशाला? हॉस्टेलमधल्या सीनियर ताईनेही हेच विचारलं. एक कारण साधं. मला डेस्कटॉप आतून बघायचा होता. आपण ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात प्रोसेस आणि शेड्युलिंग लिहितो, पण खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबल्यावर कोणता प्रोग्रॅम कोणाला काय सांगतो ते कधी बघितलेलं नसतं. दुसरं कारण मेसच्या ताई. ते पुढे येईलच.

तयारीचा पहिला दिवस घड्याळात गेला. मदरबोर्डवरचा सेल संपलेला असल्यामुळे लाईट गेली की हे मशीन थेट २००७ सालात जागं व्हायचं. वरवर बघता यात काय बिघडतं? पण २००७ मध्ये बसलेल्या मशीनला वेबसाइटची प्रमाणपत्रं ‘अजून लागूच झालेली नाहीत’ अशी दिसतात, आणि डेबियनचा ॲप्ट पॅकेजची यादी भविष्यातली आहे म्हणून नाकारतो. सगळ्यात वाईट म्हणजे ‘मेक’ हा प्राणी पूर्णपणे वेळेवर जगतो. सोर्स फाइल नवी की तिच्यापासून बनलेली ऑब्जेक्ट फाइल नवी, हे तो तारखा ताडून बघतो आणि जे शिळं असेल तेवढंच पुन्हा कंपाइल करतो. घड्याळ खोटं असेल तर त्याचा सगळा हिशेबच खोटा. मेन रोडवरच्या घड्याळवाल्याकडून सीआर २०३२ चा सेल आणला, बसवला, वेळ लावली. मेकच्या या स्वभावाचा फायदाही नंतर मिळाला. बांधणी चालू असताना रात्री लाईट गेली, तेव्हा आल्यावर फक्त पुन्हा ‘मेक’ म्हटलं आणि तो सोडल्या जागेपासून पुढे निघाला.

मग डेबियन टाकलं, पण डेस्कटॉपशिवाय. नुसता काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. गंमत म्हणजे डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये भाषांच्या यादीत मराठी आहे, पण ती चित्रमय इन्स्टॉलरमध्येच मिळते. काळ्या पडद्यावरच्या साध्या कन्सोलला काना, मात्रा, जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. त्याला एका चौकटीत एक अक्षर एवढंच कळतं. म्हणून कन्सोलवर इंग्लिश आणि पुढे चित्रांच्या पडद्यावर मराठी, अशी वाटणी सुरुवातीलाच करून टाकली.

नंतर हत्यारं. ‘बिल्ड-इसेन्शियल’ नावाच्या एकाच पॅकेजमध्ये जीसीसी, मेक आणि सी लायब्ररीच्या हेडर फायली येतात. त्याच्या जोडीला पीकेजी-कॉन्फिग आणि गेटटेक्स्ट. इथपर्यंत सोपं. खरी दमछाक ‘डॅश डेव्ह’वाल्या पॅकेजांनी केली. जीटीके मशीनवर आहे, मी माझ्या डोळ्यांनी बघतेय, आणि तरी कॉन्फिगर म्हणतो ‘सापडलं नाही’! कारण डेबियन प्रत्येक लायब्ररीचे दोन भाग करतं. एक चालवण्यापुरता, दुसरा त्यावर नवं काही बांधण्यासाठी. मी रूममेटला हे असं समजावलं: हेडर फाइल म्हणजे मेनू कार्ड. कोणता पदार्थ मिळतो, ऑर्डर देताना काय काय सांगावं लागतं, एवढंच त्यावर असतं, पदार्थ नसतो. ज्याला नुसतं जेवायचंय त्याला आत काय शिजतंय ते बघायची गरज नाही. पण ज्या कंपायलरला ऑर्डर लिहायचीय, त्याला मेनू कार्ड पाहिजेच. ‘डॅश डेव्ह’ पॅकेज म्हणजे ते मेनू कार्ड. ती म्हणाली, ‘‘मग मिसळीच्या हॉटेलात मेनू कार्ड नसतं, तिथे कसं?’’ तिथे कंपायलर लागत नाही, मी म्हणाले.

तर अशी मेनू कार्डं गोळा करत बसलो. जीटीके ३, ग्लिब, लिबडब्ल्यूएनसीके, स्टार्टअप-नोटिफिकेशन, पोलकिट, एक्सच्या डझनभर छोट्या लायब्रऱ्या. इथे एक गोष्ट जपून करायची असते, आणि ती कोणी सांगत नाही. अत्यावश्यक लायब्ररी नसेल तर कॉन्फिगर ओरडून थांबतो. ते बरं. पण ऐच्छिक लायब्ररी नसेल तर तो गुपचूप ती सोय वगळतो आणि पुढे जातो. शेवटी एक छोटा तक्ता छापतो, कोणती सोय ‘यस’, कोणती ‘नो’. उत्साहात आपण तो वाचतच नाही. आम्ही प्रत्येक पॅकेजचा हा तक्ता वहीत उतरवला. वहीचं ते पान हेच आमचं खरं जर्नल. मशीन बंद करायची परवानगी कोणाला द्यायची हे पोलकिट ठरवतं. ती व्यवस्था जागेवर नसेल तर ‘बंद करा’ हे बटण पडद्यावर दिसतं, पण फिकट आणि निर्जीव. आमचा सगळा खटाटोप ज्या बटणासाठी होता, तेच!

पुढचा प्रश्न, बांधलेलं ठेवायचं कुठे? बरेच जण सरळ ‘यूएसआर’मध्ये टाकतात, म्हणजे डेबियनच्या स्वतःच्या सामानात. तिथे दोन गृहिणी आणि एक स्वयंपाकघर अशी गत होते. आज आपण ठेवलेली फाइल उद्याच्या अपडेटने पुसली जाते. आम्ही ‘ऑप्ट’खाली वेगळी खोली काढली आणि प्रत्येक कॉन्फिगरला ‘प्रीफिक्स’ म्हणून तोच पत्ता दिला. आवडलं नाही तर तो एक फोल्डर उडवला की मशीन पूर्वीसारखं. फक्त वेगळं बिऱ्हाड थाटलं की पोस्टमनला पत्ता कळवावा लागतो. एक नव्हे, चार पोस्टमन आहेत. कमांड शोधणारा ‘पाथ’, बांधताना लायब्ररी शोधणारा ‘पीकेजी-कॉन्फिग-पाथ’, चालवताना लायब्ररी शोधणारा ‘एलडी-लायब्ररी-पाथ’ आणि मेनू, आयकॉन, थीम शोधणारा ‘एक्सडीजी-डेटा-डर्स’. या चौघांना एकाच फाइलमध्ये लिहून ठेवलं आणि प्रत्येक नव्या टर्मिनलमध्ये आधी ती फाइल वाचून घ्यायची असा नियम केला. चौथ्याला कळवलं नाही तर पॅनेल उघडतं, पण मेनू रिकामा दिसतो.

आणि क्रम. एक्सएफसीई हा एक प्रोग्रॅम नाही, ती वीसेक तुकड्यांची पंगत आहे आणि पंगतीत मान ठरलेला आहे. पहिला लिबएक्सएफसीई-४-युटिल, मग सगळ्या सेटिंग सांभाळणारा एक्सएफकॉन्फ, मग लिबएक्सएफसीई-४-यूआय, मग ४.२० मध्ये नव्याने लागणारा विंडोइंग, मग गार्कन आणि एक्सो. एवढे जेवून उठल्यावर पॅनेल, फायलींचा थुनार, खिडक्या सांभाळणारा एक्सएफडब्ल्यूएम, सेशन, डेस्कटॉप, सेटिंग्ज. ‘एम-वन’ सुटल्याशिवाय ‘एम-टू’ कळत नाही तसं. फरक एवढाच की इथे एटीकेटी नाही. मागचा इन्स्टॉल झालाच पाहिजे, तरच पुढच्याचा कॉन्फिगर पास होतो. सोर्स घेताना आम्ही प्रकाशित आवृत्तीचे टारबॉल घेतले. गिटवरून घेतलं तर कॉन्फिगरची फाइलच आधी तयार करावी लागते आणि त्यासाठी आणखी हत्यारं लागतात.

२ जीबी रॅमचं काय, असं संगणक शाखेच्या एका मैत्रिणीने काळजीने विचारलं. एक्सएफसीई सी भाषेत आहे, त्यामुळे कंपायलर फार मेमरी खात नाही. दोन कोअरना दोन कामं दिली, बाजूला स्वॅप ठेवली आणि ब्राउझर बंद ठेवला. यात सांगण्यासारखं नाट्य काही घडलं नाही.

आता मेसच्या ताई.

ताई हिशेब झाला की कॉम्प्युटर बंद कसा करायच्या? भिंतीवरचं बटण दाबून! मी कळवळून म्हणाले, ‘‘ताई, असं नका ना करू, डिस्क खराब होईल, सगळा हिशेब जाईल.’’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘बंद करायचं कुठे लिहिलंय ते दाखव. मी तिथून करते.’’ मी दाखवायला गेले आणि लक्षात आलं, की लिहिलंय, पण ताईंसाठी लिहिलेलं नाही. त्या सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकल्या. वाचतात, बिनचूक बेरजा करतात. ‘शट डाऊन’ मात्र त्यांच्यासाठी नुसतं चित्र. म्हणून ठरलं, सगळ्या डेस्कटॉपमधला तेवढा एक तुकडा आधी मराठीत करायचा. बाहेर पडतानाची चौकट. आणि शब्द ताईंना कळतील असे घ्यायचे.

त्याची यंत्रणा फार सुरेख आहे. प्रोग्रॅममधली प्रत्येक इंग्लिश ओळ एका ‘पीओ’ फाइलमध्ये असते. ओळीखाली आपण आपली ओळ लिहायची. गेटटेक्स्ट त्याची ‘एमओ’ फाइल बनवतो आणि प्रोग्रॅम चालताना मशीनची भाषा बघून योग्य ओळ उचलतो. भाषांच्या यादीत ‘एमआर’ ही दोन अक्षरं घालायची, मशीनवर मराठी लोकॅल तयार करायचं. ज्या ओळीवर ‘फझी’ अशी खूण असते, म्हणजे भाषांतराची खात्री नाही, ती ओळ वापरली जात नाही आणि तिथे इंग्लिशच दिसतं. खात्री नसेल तर गप्प बसावं, हे आमच्या व्हायव्हालाही लागू आहे.

हे काम करणारे आम्ही पहिले नाही, हे वाचल्यावर फार बरं वाटलं. २००० च्या सुमारास सुरू झालेल्या इंडलिनक्सने भारतीय भाषांतल्या डेस्कटॉपचा पाया घातला. २००४ मध्ये रेड हॅटने लोहित फॉन्ट मुक्त केले. (लोहित म्हणजे लाल. टोपीचा रंग!) सी-डॅकचं बॉस लिनक्स २००७ मध्ये आलं, त्यातही मराठी आहे. आणि पुण्यात रेड हॅटमध्ये भाषांतर करणाऱ्या मंडळींनी २००८ मध्ये ‘फ्युएल’ नावाचा प्रकल्प काढला, तो मला सगळ्यात जवळचा वाटला. एकाच इंग्लिश शब्दाला प्रत्येक प्रोग्रॅममध्ये वेगळा मराठी शब्द असेल तर माणूस गोंधळतो, म्हणून नेहमी लागणाऱ्या शब्दांची एकच यादी सगळ्यांनी बसून ठरवायची. आमच्या कॉमन रूममध्ये दोन रात्री तेच चाललं होतं, फक्त छोट्या प्रमाणावर आणि चहा जास्त.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. मराठी घरात बोलायची आणि शाळेत दंड टाळण्यासाठी गिळायची भाषा. त्यामुळे मला शब्द सुचायचे ते डिक्शनरीतले. पहिलं बटण ‘सस्पेंड’. मी लिहिलं, ‘निलंबित करा’. रूममेट हसून लोळायची बाकी राहिली. ‘‘अगं, निलंबित म्हणजे तलाठ्याला करतात ते! नाहीतर तुला मॅडम करतील.’’ मग ‘हायबरनेट’. माझं ‘शीतनिद्रा’. ‘‘बेडूक आहे का तो?’’ ‘सेशन’चं मी ‘सत्र’ केलं. ‘पुढच्या वेळेसाठी सत्र जतन करा’ हे वाचून शेजारच्या खोलीतली केटी लागलेली मैत्रीण म्हणाली, ‘‘नको, हे सत्र जाऊ दे.’’

कीबोर्ड माझ्या हातात होता आणि भाषा तिच्या तोंडात. ती झेडपीच्या शाळेत शिकलेली, पहिल्या वर्षी इंग्लिश पुस्तकांपुढे रात्र रात्र रडलेली. त्या दोन रात्री मी विचारत होते आणि ती सांगत होती. सस्पेंडला ‘डुलकी’. हायबरनेटला ‘गाढ झोप’. रीस्टार्टला ‘पुन्हा सुरू’. कोणता शब्द का, हेही ती सांगायची. डुलकीतून हाक मारली की लगेच उठतो, गाढ झोपेतून उठायला वेळ लागतो. सस्पेंडमध्ये सगळं रॅममध्ये जागं असतं आणि हायबरनेटमध्ये डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं, हा फरक मी तिला आदल्या दिवशी इंग्लिशमधून समजावला होता. तिने तो दोन शब्दांत बसवला.

वाक्यरचनेनेही छळलं. इंग्लिशमध्ये ‘लॉग आऊट’ आधी आणि नाव नंतर येतं, नावाच्या जागी टक्का-एस अशी खूण असते. मराठीत नाव आधी पाहिजे, म्हणून ती खूण उचलून वाक्याच्या सुरुवातीला नेली. हे चालतं, फक्त खूण गाळायची नाही. आणि फॉन्ट. मराठी श आणि ल यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. भाषा मराठी आहे हे नीट कळवलेलं असेल आणि फॉन्टमध्ये सोय असेल, तरच आपला श दिसतो. रूममेटला हे लांबूनच दिसलं. मला तिने दाखवेपर्यंत दोन्ही सारखेच वाटत होते.

सगळ्यात मोठा वाद झाला ‘शट डाऊन’वर. आम्ही लिहिलं होतं ‘बंद करा’. सगळीकडे असंच असतं. ताईंना मंजुरीसाठी दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, ‘‘हे कोण कोणाला सांगतंय?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘बटण मी दाबणार. म्हणजे मी त्याला सांगतेय. मग ‘बंद हो’ पाहिजे ना? ‘करा’ म्हटलं तर तो मलाच काम सांगतोय असं वाटतं. तसं ऐकूनच मी भिंतीवरचं बटण दाबेन.’’

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. माझ्या मते ताईंचं बरोबर आहे. एवढी वर्षं आपण सगळे ‘करा’ वाचतो आणि कधी विचारत नाही की हा हुकूम कोणाचा. रूममेट म्हणाली, बाकी सगळे प्रोग्रॅम ‘करा’ म्हणत असताना एकच ‘हो’ म्हणाला तर गोंधळ होईल. फ्युएलवाल्यांचाही मुद्दा तोच. अर्धा तास चर्चा झाली. शेवटी मशीन ताईंचं, म्हणून ‘बंद हो’.

सातव्या दिवशी, सकाळचा नाश्ता आटोपल्यावर ताई आल्या, हिशेब लिहिला आणि त्या चौकटीवर आल्या. पोलकिट जागेवर होतं, बटण फिकट नव्हतं. ‘बंद हो’वर क्लिक केलं, पडदा काळा झाला, मिक्सरचा आवाज थांबला. मग त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. आता ते चालतं.

पुढचं काम थुनारचं आहे. तिथे पहिल्याच पानावर ‘ट्रॅश’ शब्दावर गाडी अडली आहे. मी ‘कचरापेटी’ लिहिलंय. ताईंनी विचारलंय, ओला की सुका?